विचारा तर खरं : म्हातारी बोट आणि तिच्या मागे लागलेले आपण

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की रिटायर झाल्यापासून मी गाड्या वाहणाऱ्या जुन्या फेरीबोटींच्या मागे लागलोय, आणि माझ्यासारखी माणसं जगभर आहेत, अमुक बोट आज किती मिनिटं उशिरा सुटली, कुठला रंग लावला, ड्रायडॉकला, म्हणजे डागडुजीच्या कोरड्या गोदीत, कधी गेली याचा हिशेब ठेवणारी. बस, तेवढ्यावर पत्रांचा आणि मेलचा पाऊस. म्हणून या वेळी डायबिटीस, भाडेकरू वगैरे प्रश्न बाजूला, सगळं बोटीचंच. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ पाककृतीच्या पानावर जावं, मी रागावणार नाही.

प्रश्न : काका, तुमचा लेख वाचल्यापासून आमचे हे दिवसभर मोबाईलवर एक निळा त्रिकोण बघत बसतात. बोट आहे म्हणे. बडोद्यात समुद्र नाही, आमच्या सात पिढ्यांत कोणी खलाशी नाही. याला वेड म्हणायचं की काय? (मांजलपूरहून एक ताई)

उत्तर : वेडच आहे ताई, पण स्वस्तातलं आहे. तो त्रिकोण कसा चालतो ते आधी सांगतो, म्हणजे निदान भांडताना मुद्दे मिळतील. मोठ्या बोटीवर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते व्हीएचएफ रेडिओवरून आपलं नाव, जागा, वेग, दिशा सतत ओरडून सांगत असतं, बोट चालू असली तर दर २ ते १० सेकंदांनी आणि धक्क्याला बांधलेली असली की दर ३ मिनिटांनी. बोटींनी एकमेकींवर आदळू नये म्हणून ही सोय, आपल्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी नाही. पण किनाऱ्यावर कोणी हौशी माणूस गच्चीत अँटेना लावून ते पकडतो आणि इंटरनेटवर टाकतो, तेच पुढे मरीनट्रॅफिक वगैरे ॲपमध्ये तुमच्या ह्यांना दिसतं. त्यामुळे त्रिकोण मधेच थिजला तर बोट बुडाली असं समजून ह्यांनी जेवण सोडू नये, त्या पट्ट्यात ऐकणारा अँटेना नाही एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः पहिल्यांदा रात्री दीड वाजेपर्यंत जागलो होतो, आणि बोट आरामात धक्क्याला लागून झोपलेली.

आता यात मजा काय, तर एका बोटीचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या पोर्ट अँजेलिस आणि कॅनडाच्या व्हिक्टोरिया या दोन गावांमध्ये 'कोहो' नावाची कार फेरी चालते, कोहो म्हणजे तिकडचा एक मासा, सॅल्मनमधला. ही १९५९ च्या डिसेंबरात पहिल्यांदा सुटली आणि आजही तीच चालते. दीड तासाचा प्रवास. इंजिनं मधे बदलली, पण अंग तेच. दर हिवाळ्यात जानेवारीत ती डागडुजीला जाते आणि तिचे चाहते तेव्हा, आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला गेल्यावर करतात ना, तशी चौकशी करत बसतात, आली का, कधी येणार, बरी आहे ना. नव्या बोटीत असं काही होत नाही, कारण नवी बोट सगळं बरोबर करते. जुनी बोट रोज थोडं वेगळं वागते, आज रॅम्प अडकला, उद्या एकच इंजिन, परवा भरती कमी म्हणून उशीर. त्यामुळे रोज बघावंसं वाटतं. आणि समुद्र नाही म्हणता, पण आपल्या गायकवाडांनी ओखा बंदर बांधलं, ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं हे विसरलात काय? अगदीच कोरडे नाही आपण.

प्रश्न : बोटीचं नाव नवीन, रंग नवीन, तरी ती जुनी आहे हे ओळखायचं कसं? मी इंजिनिअरिंगला आहे, टेक्निकल सांगितलं तरी चालेल. (कारेलीबाग)

उत्तर : शाब्बास, हा खरा प्रश्न. बोटीचं नाव म्हणजे भाड्याच्या घराची पाटी, मालक बदलला की बदलते. बदलत नाही तो आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, नंबर. सात आकडी असतो आणि बोट जन्मल्यापासून भंगारात जाईपर्यंत तोच, नाव बदलो, झेंडा बदलो, देश बदलो. १०० टनांवरच्या प्रवासी बोटींना तो लागतो (खाडीतल्या छोट्या फेऱ्यांना बहुतेक नसतोच, तिथे शोधत बसू नकोस). मागच्या बाजूला नावाखाली बघ, नुसता रंगवलेला नसतो, पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेला किंवा कोरलेला असतो, म्हणजे वर कितीही रंगाचे थर दिले तरी हात फिरवला तर लागतोच. तो ॲपमध्ये टाक, जन्मसाल, जुनी नावं, सगळी कुंडली बाहेर येते.

आणि तू इंजिनिअर म्हणून एक गंमत. या नंबरचा शेवटचा आकडा हिशेबाने येतो. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच सातवा आकडा. समज ९०७४७२९. नव साते त्रेसष्ट, शून्य, सात पाचे पस्तीस, चार चोक सोळा, सात त्रिक एकवीस, बे दुणे चार. बेरीज १३९, शेवट ९, जुळलं. माझा नातू हे धक्क्यावर तोंडी करतो आणि लोक समजतात पोरगं पाढे म्हणतंय.

नंबर दिसत नसेल तर रंगाकडे बघ. जुन्या बोटीवर रंगाचे इतके थर असतात की कडीचे, बिजागरीचे कोपरे गोल झालेले दिसतात, जसं आपल्या जुन्या वाड्याच्या खिडकीच्या गजांचं होतं. आणि नांगर जिथून सुटतो त्या भोकाखाली गंजाचा तांबडा ओघळ. तो सहा महिन्यांच्या बोटीवर पण येतो म्हणा, पण जुन्या बोटीवर तो पुसायचा कंटाळा आलेला कळतो.

प्रश्न : माझी सासू रेवदंड्याकडची. तिची आई 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायची आणि बोटीत बसू द्यायची नाही. आता मुलगा म्हणतो कार घेऊन फेरीने जाऊ. जुन्या बोटीत बसणं सेफ असतं का हो? (दांडिया बाजारातल्या एक काकू)

उत्तर : काकू, तुमच्या आजेसासूबाईंची भीती खोटी नव्हती. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं आणि कोकणातल्या घराघरात सुतक. ती गाड्यांची फेरी नव्हती, प्रवासी आगबोट होती. पण एक गोष्ट बघा, रामदास बांधलेली १९३६ ची. म्हणजे बुडाली तेव्हा अवघी अकरा वर्षांची. म्हातारी नव्हतीच.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक धक्क्यावर येऊन पहिला प्रश्न विचारतात, बोट किती जुनी, आणि जुनी म्हटलं की तोंड वाकडं. गाड्यांच्या फेरीचे जगातले दोन मोठे अपघात घ्या. बेल्जियमच्या झेब्रुगाहून ६ मार्च १९८७ ला निघालेली 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राईझ', सात वर्षांची बोट, पुढचं दार बंद करायचं राहिलं, ज्याचं ते काम तो आपल्या केबिनमध्ये झोपलेला, बंदराबाहेर पडून वेग घेतल्या घेतल्या पाणी आत आलं आणि बघता बघता आडवी, १९३ गेले. दुसरी 'एस्टोनिया', २८ सप्टेंबर १९९४, बाल्टिक समुद्रात, चौदा वर्षांची, वादळात पुढचं दारच उखडलं, ८५२ माणसं. दोन्हीकडे गोम एकच. गाड्यांसाठी बोटीत इकडून तिकडे मोकळं मैदान ठेवलेलं असतं, मधे भिंती नाहीत, कारण ट्रक कुठून जाणार. त्या मैदानावर थोडंसं पाणी आलं तरी ते एका बाजूला धावतं, बोट तिकडे कलते, कलली की अजून पाणी तिकडेच. परातीत पाणी घेऊन जिना चढून बघा, कळेल. (घरातल्यांसमोर करू नका, मी केलं होतं.) हेराल्डनंतर नियम आला की दार बंद आहे की नाही हे वर कॅप्टनला दिव्यावर दिसलं पाहिजे. त्याआधी तो बिचारा फक्त समजून चालायचा, दिसत काहीच नव्हतं.

जुन्या बोटीचा पत्रा झिजतो हे खरं आहे, ते नाकारत नाही. पण तो मोजता येतो, अल्ट्रासोनिकने किती मिलिमीटर उरला ते बघतात, पातळ झाला तर तेवढा तुकडा कापून नवा लावतात, फ्रॉकला ठिगळ लावावं तसा. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवासी बोटीचा सर्व्हे दर वर्षी असतो. तर काकू, तुम्ही वय नका विचारू. मुलाला सांगा, सुटायच्या आधी समोरचा रॅम्प पूर्ण उचलून बंद झाला का बघ, ट्रकांना साखळ्या लावल्यात का बघ, लाईफजॅकेट कुठे ठेवलीत ते विचार, आणि माणसं नेहमीपेक्षा जास्त कोंबली असतील तर उतर, तिकिटाचे पैसे गेले तर गेले. एवढं जमत असेल तर जुनी बोट नव्याइतकीच चालेल. नसेल जमत तर नवीतही बसू नका.

प्रश्न : दहेजची रोरो (गाड्या थेट चढवून नेणारी फेरी) बंद पडली ती बोट खराब होती म्हणून ना? आणि बडोद्याहून भावनगरला जायला आता फेरी परवडते का? (निजामपुरा)

उत्तर : बोट बिचारी उगाच बदनाम झाली. हे सगळे असंच म्हणतात, गाळाला कोणी काही बोलत नाही. घोघा (भावनगरजवळचं)-दहेज २२ ऑक्टोबर २०१७ ला मोठ्या थाटात सुरू झाली, आधी फक्त माणसं, मग वर्षभराने गाड्या घेणारी 'व्हॉयेज सिम्फनी' आली. रस्त्याने तीनशेच्या वर किलोमीटरचा वळसा आणि समुद्रातून तीसेक, म्हणजे कागदावर नुसतं सोनं. पण दहेज कुठे आहे बघा, नर्मदा जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी. नदी वर्षभर गाळ आणून ओतते, ओहोटीला पाण्याची खोली पुरत नाही, आणि एवढ्या बोटीला तळाखाली पाणी तर हवंच. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच कारणाने थांबली. मग ८ नोव्हेंबर २०२० पासून तीच बोट घोघा-हजिरा, हजिरा म्हणजे सुरतजवळ. क्षमता सरकारी आकड्यांत ३० ट्रक, १०० कार आणि ५०० माणसं, अंतर ९० किलोमीटर, वेळ चारेक तास.

खंभातच्या आखाताचं पाणी म्हणजे काय चीज आहे ते एकदा बघून याच. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे रावपुऱ्यातल्या तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. तुम्ही धक्क्यावर चहा घेता तेव्हा बोट तुमच्या डोक्याच्या वर, आणि दुपारी बघावं तर तुम्ही तिच्या गच्चीत वाकून बघताय. म्हणून तिथे धक्का दगडी चालत नाही, तरंगता पाँटून आणि त्याला जोडलेला बिजागरीचा पूल, पाण्याबरोबर तोही वर-खाली. ट्रक त्या पुलावरून पाँटूनवर उतरतो तेव्हा सगळं किंचित दबतं आणि साखळ्या कुरकुरतात, तो आवाज मी मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवलाय, बायकोला अलार्मचा टोन म्हणून लावला होता, एक दिवस चालला.

परवडते का? स्पष्ट सांगतो, नाही. बडोद्याहून हजिऱ्याला जायला आधी दीडशेच्या वर किलोमीटर दक्षिणेला जायचं, मग चार तास पाण्यात, यापेक्षा तारापूर-वटामणवरून सरळ रस्त्याने तुम्ही कधीच भावनगरला पोचून गांठिया खाऊन झोपलेले असाल. सुरतवाल्यांसाठी ती फायद्याची, आपल्याला नाही. आपण फक्त बोटीसाठी जायचं. मी वर्षातून एकदा जातो, गाडी न घेता, आणि घरी सांगतो काम आहे.

प्रश्न : आम्ही गणपतीला गुहागरला जातो. तिथल्या छोट्या फेरीला लोक 'जंगलजेटी' का म्हणतात? ती पण तुमच्या यादीत आहे का? (वाडी)

उत्तर : आहे म्हणजे काय, माझी सुरुवातच तिथून. दाभोळ-धोपावे, वाशिष्ठीच्या मुखाशी, २००३ पासून चालू आहे, पुढे वेश्वी-बागमांडले, तवसाळ-जयगड, दिघी-आगरदांडा अशा बाकीच्या आल्या. जंगलाशी काही संबंध नसावा. केरळात अशा फेरीला जंकार म्हणतात, पोर्तुगीज भाषेत जंगाडा म्हणजे तराफा, तेच तोंडातोंडी जंगल झालं असावं असं मला वाटतं. सागरी महामार्गाचे पूल खाड्यांवर उभे राहिले की यांचं काय होणार हा प्रश्नच आहे, तेव्हा या वेळी जाल तर पूल होईपर्यंत थांबू असं म्हणू नका, गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहा. ओखा-बेट द्वारकेला २५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू झाला आणि तिथल्या बोटींना आता कोण विचारतं. आमच्या डभोईच्या छोट्या लाईनीचं पण असंच झालं, १८६२ साली बैलांनी ओढलेली गाडी ती, असताना कोणी बघितली नाही, गेल्यावर सगळे फोटो मागायला आले. मी रेल्वेत होतो म्हणून मलाच मागतात.

प्रश्न : जुन्या फेरीबोटी शेवटी अलंगलाच जातात ना? मग तुम्हाला वाईट नाही वाटत? तिथे बघायला जाता येतं का? (अलकापुरी)

उत्तर : सगळ्या नाही, काही तुर्कस्तानला, काही बांगलादेशला, पण आपल्या दारात अलंग आहे हे खरं, घोघ्याहून फार लांब नाही. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात आणि कारण पुन्हा तेच, भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात, पाणी उतरलं की ते चिखलात बसलेलं, मग गॅस कटर. म्हणजे ज्या पाण्यावर घोघ्याची फेरी चालते, त्याच पाण्याच्या जोरावर पलीकडे जहाजं मरायला येतात. यार्डात परवानगीशिवाय सोडत नाहीत, उगाच वॉचमनशी हुज्जत घालू नका. पण बाहेर रस्त्यावर दुकानांची रांग आहे, तिथे जहाजातून काढलेलं सगळं मिळतं, पलंग, कपबशा, सोफे, लाईफजॅकेट, संडासाची भांडी. मी तिथून एक लाकडी ट्रे आणला, कडा बोटभर उंच, समुद्र हलला तरी कप घसरू नयेत म्हणून. एका कोपऱ्यात कोणीतरी चमच्याने की सुरीने बारीक रेघा मारल्यात, पाच-पाचच्या जुडग्यात, मोजल्या तर चाळीस आहेत, बहुतेक घरी जायचे दिवस मोजत असावा. आता त्यात आमचा सकाळचा चहा आणि लीलो चेवडो येतो.

वाईट वाटतं की नाही? कोहोसारखी एखादी साठीच्या पुढेही चालतेय तोवर वाटत नाही. स्कॉटलंडमध्ये तर उलटच गंमत झाली, 'आईल ऑफ अरान' ही १९८४ पासूनची फेरी, तिच्या कंपनीने २०१५ मध्ये 'ग्लेन सॅनॉक्स' नावाची नवी बोट ऑर्डर केली, २०१७ मध्ये समारंभाने पाण्यात सोडली तेव्हा तिच्या खिडक्या चक्क रंगाने काढलेल्या, काचा नव्हत्याच, आणि ती खरोखर प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ ला. तोवर म्हातारी आपली फेऱ्या मारत होती. तिथले बोटवाले त्या रंगवलेल्या खिडक्यांवरून अजून हसतात.

प्रश्न : फेरीत कार नेताना काय काळजी घ्यायची? एका वाक्यात सांगा, तुम्ही फार पाल्हाळ लावता. (मकरपुरा)

उत्तर : हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, किल्ली काढा, वर जाऊन बसा, आणि त्याआधी गाडीचा अलार्म बंद करा. हे शेवटचं मी केलं नव्हतं. इंजिनाच्या थरथरीने माझ्या गाडीचा अलार्म वाजायला लागला, वाहनांच्या डेकवर प्रवासात कोणाला जाऊ देत नव्हते, म्हणून तो जवळजवळ चार तास थांबून थांबून वाजत राहिला, वर लोक विचारत होते कोणाची गाडी आहे ही आणि मी पेपरात तोंड घालून बसलेलो. धक्का आला तेव्हा बॅटरी उतरलेली. खलाशी आणि दोन ट्रकवाल्यांनी मिळून माझी गाडी ढकलत बाहेर काढली, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. एक वाक्य नाही झालं, माफ करा.